बारा घरांचे शिक्के

चिबा, २० एप्रिल २०२५

चि. सुशील यास ताईचे अनेक आशीर्वाद.

आम्ही सगळे खुशाल. तुझ्या पोटाचं काय ते कळव, नुसत्या कोनबिनी दुकानातल्या भाताच्या ओनिगिरीवर माणूस किती दिवस काढणार! उरायासूला आमच्याकडे राहून दोन वर्षं माझ्या हातची आमटी ओरपलीस आणि आता कावासाकीला जाऊन साहेब झालास. फोनवर पाच मिनिटांत कटवतोस, म्हणून बाबांसारखं पत्रच लिहायचं ठरवलं.

बातमी अशी की यंदा आमच्या गल्लीची हानचो, म्हणजे प्रमुख, मी! पाळी फिरत फिरत आमच्या दारात आली. तुझ्या टॉवरात काइरानबान येत नसेल. इथे ती नोटिशींची फाइल घरोघर फिरते. वाचायचं, वाचल्याचा शिक्का मारायचा, शेजारी नेऊन द्यायचं. पहिल्याच फाइलीत मागच्या मोकळ्या जागेत बसणाऱ्या विजेच्या यंत्रणेचा कागद. ती कांजी लिपी बघून माझे डोळेच पांढरे झाले. बरं झालं तुला फोटो पाठवला. ट्रान्सफॉर्मरसारखं किरकोळ काहीतरी आहे, बिनधास्त शिक्का मार, असं तू लगेच सांगितलंस.

शेजारच्या होशिनो-सान ब्याऐंशी वर्षांच्या, एकट्या राहतात. त्यांनी दारातच विचारलं, हे काय आहे म्हणून. मी ऐटीत सांगितलं, माझा भाऊ विजेच्याच कामात आहे, काळजी नको. त्यांनी हातातलं भिंग ठेवून दिलं आणि शिक्का उमटवला. चार दिवसांत बाराची बारा घरं! नरेंद्र म्हणाले, आता निवडणुकीला उभी राहा.

चैत्राली मामाची वाट बघते आहे. हल्ली ती जपानीतच उत्तरं देते, मला निम्मं कळत नाही. जेवत जा, आणि बहिणीवरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी विभाताई

कावासाकी, ३ मे २०२५

ती. सौ. ताईस, सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. हानचोबाईंचं अभिनंदन! आता तू जपान्यांना कचरा वेगळा करायला शिकवणार, बिचारे. सुट्ट्यांच्या आठवड्यातही ऑफिस आहे, त्यामुळे येणं जमत नाही. त्या कागदाचा विचार सोडून दे, तसं त्यात काही नाही. चैत्रालीला सांग, मामा उन्हाळ्यात नक्की येईल. नरेंद्रभावजींना नमस्कार. आशीर्वादाचा हात डोक्यावर असू दे.

तुझा सुशील

चिबा, ७ सप्टेंबर २०२५

चि. सुशील यास आशीर्वाद.

उन्हाळा संपला, मामा आला नाही. आणि मी तुझे फोन उचलत नाही, ते मुद्दाम. फोनवर तू मला बोलण्यात गुंडाळशील. भांडायचं तर कागदावर भांडा, असं बाबा उगाच नव्हते म्हणत.

मागे कुंपण घातलं. आत कंटेनर येत गेले, एकूण चोवीस. होशिनो-सानच्या स्वयंपाकघराच्या खिडकीपासून मी पावलं मोजली, अकरा भरली. पंख्यांची घरघर दिवसभर थांबत नाही. कुंपणावरच्या पाटीवर लिहिलंय, वीज साठवण्याचं बॅटरी केंद्र. खाली कंपन्यांची नावं, त्यात तुझ्या कंपनीचंही. त्या पाटीसमोर मी किती वेळ उभी होते, मलाच ठाऊक नाही.

उद्या यातली एखादी पेटली तर ब्याऐंशी वर्षांच्या बाईने पळायचं कुठे? असं विचारायला मी पाटीवरच्या नंबरावर फोन केला. पलीकडची मुलगी फार नम्रपणे म्हणाली, बाराही घरांची संमती आहे, शिक्के आहेत. अरे, तो शिक्का वाचल्याचा! संमती कुणी दिली?

येत्या एकवीस तारखेला गल्लीची सभा आहे. मला कुणी टाकून बोलत नाही, तेच सहन होत नाही. होशिनो-सान दारात मुळे ठेवून जायच्या, त्या आता लांबूनच वाकून नमस्कार करतात. मी काय तोंड दाखवू त्यांना?

एकच विचारते. फोटो पाहिलास तेव्हा तुला माहीत होतं का?

विभाताई

कावासाकी, १२ सप्टेंबर २०२५

ती. सौ. ताईस, सा. न. वि. वि.

हो. माहीत होतं.

पत्ता बघताक्षणी ओळखला. त्या बॅटऱ्यांचं नियंत्रण आमची टीम करते आणि टीमचा प्रमुख मी आहे. रहिवाशांना कळवल्याच्या पुराव्यावाचून काम फेब्रुवारीपासून अडलं होतं. बॅटरी म्हटलं असतं तर तू बारा घरी बारा प्रश्न घेऊन गेली असतीस. शिक्के म्हणजे संमती, असं अहवालात लिहिणाराही मीच. ताई, यंत्रणा चांगली आहे गं, धोका फार कमी आहे. तुमच्या गल्लीला त्रास व्हावा असं माझ्या मनातही नव्हतं.

पाया पडतो, सभेत माझं नाव घेऊ नकोस. नोकरी गेली तर व्हिसाचंही अवघड होईल. आपलेच दात, आपलेच ओठ. मराठी तिथे कुणाला कळणार नाही, तरी हे पत्र वाचून फाडून टाक. धाकट्याला या वेळी पदरात घे.

सुशील

चिबा, १५ सप्टेंबर २०२५

चि. सुशील,

दात-ओठ तुझेमाझे असतील, पण चावा होशिनो-सानना बसला.

पत्र फाडलं नाही. काल दुपारी मी एकेक ओळ वाचली आणि चैत्राली ती जपानीत लिहीत गेली. तिच्या मराठीला तू हसतोस ना? तुझं पत्र तिला सगळं कळलं. पहिल्याच ओळीला तिने पेन खाली ठेवलं. हे आपल्या मामानेच लिहिलंय ना, असं मला मराठीत विचारलं. मी हो म्हटलं, तेव्हा पुन्हा लिहायला लागली. नरेंद्र म्हणाले, थांब, भाऊ आहे तुझा. मी म्हटलं, भाऊ आहे म्हणूनच तर मी बारा दारं वाजवली.

या देशात आलास तेव्हा तापाने फणफणला होतास. तीन दिवस उशाशी बसले होते मी. मला तू खरं सांगितलं असतंस तर कदाचित तुझ्या बाजूने बोललेही असते, निदान प्रश्न तरी नीट विचारले असते. तू माझा केसाने गळा कापलास, सुशील. आणि तोही माझ्याच हातून, माझ्याच शिक्क्याने.

चैत्रालीने लिहिलेलं पान मी फाइलीत लावलं, त्यावर पहिला शिक्का माझा मारला. आज सकाळी फाइल होशिनो-सानकडे दिली. त्यांनी भिंग आणलं आणि दारात उभ्यानेच शेवटपर्यंत वाचलं. या वेळी मी काही समजावून सांगितलं नाही. त्यांनी शिक्का मारला, चपला घातल्या आणि फाइल घेऊन स्वतःच पुढच्या घरी निघाल्या. जाताना मला म्हणाल्या, तुम्हीही चला.

जेवत जा. बाकी तुझ्याकडे मागावं असं काही उरलं नाही.

विभा