आधी सख्खा कोण ते सांग

बाई, परवा वाशीच्या घाऊक भाजी मार्केटच्या मागच्या रस्त्याने जाताना कुजक्या कोबीचा वास आला आणि मला एकदम बरं वाटलं. बायकोने नाकाला ओढणी लावली, मी मात्र दोन श्वास जास्तच घेतले. "वेडबिड लागलंय का?" ती म्हणाली. आता तिला काय सांगू, की त्या वासात मला तुमची लॅब आठवते.

नव्वदच्या दशकातली वाशी. निम्मे प्लॉट अजून रिकामे, आणि मी, तुमचा पीएचडीचा विद्यार्थी, सकाळी सकाळी सडक्या पानांचे ढीग उपसतोय. हमाल हसतायत, "ओ मास्तर, चांगला कोबी पुढच्या गेटला मिळतो!" आणि पानांखालून तो निघतो. तांदळाच्या दाण्याएवढा, आखूड पंखांचा रोव्ह बीटल, जरा डिवचलं की विंचवासारखी शेपटी वर करून पळणारा. माझ्याकडच्या कुठल्याच पुस्तकात तो नव्हता. मी धावत तुमच्याकडे आलो, "बाई, नवीन जात!" तुम्ही मान वर केली नाहीत. "तुला नवीन असेल रे. आधी त्याचा सख्खा कोण ते सांग, मग बारशाचं बघू."

सख्खा शोधता शोधता माझी पार वाट लागली, कारण तो सापडला तुमच्याच कपाटात. घणसोलीच्या खाडीकाठी तरुणपणी तुम्ही पकडलेला, तुम्हीच पहिल्यांदा वर्णन केलेला, तुमच्या नावावरचा एकुलता एक बीटल. रंग तोच, डोकं तेच, मिशा त्याच. माझा हाच निघाला, तर माझी पीएचडी कोबीबरोबर कचऱ्यात. आणि वेगळा आहे म्हणायचं, तर ते तुमच्या तोंडावर कोण म्हणणार? मी सरळ तुम्हाला टाळायला लागलो. शेवटी तुम्हीच कॅन्टीनमध्ये गाठलंत. "तोंड कसलं लपवतोस? आण दोघांना इकडे."

तुम्ही दोन्ही नर मायक्रोस्कोपखाली शेजारी ठेवता, सुईने पोटाचं शेवटचं वळं फिरवून बघता. तुमच्या चहावर साय धरते. मी उभाच. आणि मग तुमचं ते, अख्ख्या मजल्याला ऐकू जाणारं, "अगंबाई!" तुमच्या नराच्या वळ्यावरची खाच गोल, माझ्याची टोकदार. होते नव्हते तेवढे सगळे नर तपासले, एकानेही दगा दिला नाही. "अरे गाढवा, हा माझा नव्हेच! भाऊ आहे, सख्खा भाऊ!" माझ्याहून तुम्हालाच जास्त आनंद झाला होता. वडापाव मागवलेत, आणि माझ्या तोंडात घास असतानाच दम भरलात, "त्याला माझं नाव ठेवलंस तर बघ. कोबीत लोळणारा किडा, लोक काय म्हणतील!"

पेपर छापून यायच्या आधीच तुम्ही गेलात. एवढी कसली घाई होती हो? मला अजून राग येतो त्याचा.

पण शब्द पाळला, बाई. तुमचं नाव ठेवलं नाही. त्याचं नाव ठेवलं 'अगंबाई'. रोमन अक्षरांत, तिरक्या टायपात, तुमच्या बीटलच्या शेजारी ऐटीत बसलंय. परदेशातल्या संपादकांनी विचारलं होतं, हे कुणाचं नाव आहे? मी कळवलं, कुणाचंच नाही, आश्चर्य वाटलं की आमच्याकडच्या बाई असं म्हणतात. त्या बाई कोण, हे त्यांनी विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही.