बिननावाच्या भाचीचं बारसं

नाशिक रोड,
मंगळवार

तीर्थस्वरूप मीनाताई,

साष्टांग नमस्कार. (खरा साष्टांग घालायला तुम्ही समोर नाही, म्हणून कागदावरच उरकते.) तुमची पाठ आता कशी आहे? भाऊजींचे गुडघे आणि नांदगावची थंडी ठीक असेल असं धरून चालते. तुम्ही आमचे नंबर ब्लॉक केलेत, फॅमिली ग्रुपही सोडलात, म्हणून हे पत्र. पोस्टात पाकीट मागितलं तर तिथला माणूस माझ्याकडे असा बघत राहिला, जणू मी टांग्याचं तिकीट मागितलं.

बारशाला काय झालं ते तुम्हाला माहीतच आहे. पण त्या दिवशी पाळण्यापलीकडे नटून बसलेल्या मला तोंड उघडता आलं नाही, म्हणून आज उघडते. तुम्ही हौसेने ‘तारा’ हे नाव ठरवलंत. आईंना आवडलं, मला आवडलं, तुमच्या बंधुराजांनीही मान हलवली. आत्या म्हणून तुम्ही पाळण्यात वाकलात, कानात कुर्र केलंत, आणि पुढे नाव सांगणार तेवढ्यात बंधुराज मोबाईल उंचावून ओरडले, थांबा! जपानीत तारा म्हणजे एक मासा, स्पॅनिशमध्ये खोट, इटालियनमध्ये रिकाम्या पेटीचं वजन, फिलिपिन्सकडे ‘चला, निघू’. (तेवढं ऐकून तुम्ही निघालातच.) पण आमच्या बायकांचं टायमिंग! ‘कुर्र’ ऐकल्याबरोबर त्यांनी तुमच्या पाठीवर धपाटे घालायला सुरुवात केली होती, त्या थोड्याच थांबणार? नाव राहिलं बाजूला, आणि आत्याने मार मात्र पूर्ण खाल्ला. शेजारच्या हाजराभाभींना तर वाटलं, आमच्यात आत्याला मारायचाच कार्यक्रम असतो. तुम्ही न जेवता गेलात. मी तुमच्या जागी असते तर जाताना पाळणाही उचलून नेला असता.

त्यांची बाजूही सांगते, नाहीतर म्हणाल वहिनी एकतर्फी बोलते. मागच्या सीझनला त्यांच्या पॅकहाऊसमधल्या द्राक्षांच्या पेटीवरचं नाव वाचून परदेशातलं कुठलंसं गिऱ्हाईक म्हणे पोट धरून हसलं. ते नाव बंधुराजांनीच सुचवलेलं. तेव्हापासून हा माणूस ताकही फुंकून पितो. मुलगी उद्या परदेशात जाईल आणि तिथे तिला कुणी हसेल, ही त्यांची काळजी. (मुलगी अजून सोफ्यापासून टीव्हीपर्यंत जात नाही.) मी म्हटलं, अहो, जपानचा मासा आपल्या पाळण्यात कशाला येईल? मराठीतही विजेच्या तारा असतात, म्हणून ताराबाई नावाच्या बाईला हात लावायला कुणी घाबरतं का? पण पालथ्या घड्यावर पाणी.

त्यानंतर मी सुचवलेलं एकही नाव टिकलं नाही. एक म्हणे कुठल्या बेटावर शेळीच्या आजाराचं नाव, दुसरं म्हणे कुठल्या डोंगरात शिवी. नाव सांगायचा अवकाश, की बंधुराज मोबाईलमध्ये डोकं घालून तोंड वाकडं करणार. अकरा महिने पोर बिननावाची आहे. लसीच्या कार्डावर ‘बेबी ऑफ तृप्ती’. आई तिला ठकी म्हणतात, हाजराभाभी चांदनी म्हणतात, आणि ती सगळ्यांना ओ देते. कुकरच्या शिट्टीलाही देते. हसू येतं, पण ताई, मला रडूही येतं. परवा दवाखान्यात ‘बेबी ऑफ’ म्हणून हाक आली तर तीन बायका उठल्या.

आणि आता कहर. गेल्या आठवड्यात बंधुराजांनी जाहीर केलं की जगातल्या कुठल्याही भाषेत काहीच अर्थ नसलेलं नाव त्यांना सापडलं आहे. झिवू. मी म्हटलं, मराठीतही काही अर्थ नाही ना! तर म्हणाले, तेच तर. आईंनी दोन दिवस अबोला धरला, तर ह्यांना वाटलं आई विचार करताहेत. रविवारी पोरीचा पहिला वाढदिवस. सोमवारी ते महापालिकेत जाऊन जन्मदाखल्यावर ‘झिवू दिनेश’ लिहून आणणार आहेत. अर्ज भरून ठेवलाय. मी तो एकदा डाळीच्या डब्यात लपवला, तर त्यांनी दुसरा आणला.

बाकी सर्व क्षेम. भाऊजींना नमस्कार.

तुमची वहिनी,
तृप्ती

ता.क. सरळच लिहिते. रविवारी सकाळी या आणि पोरीच्या कानात ‘तारा’ सांगून मोकळ्या व्हा. आत्याने कानात सांगितलेलं नाव मोडायची छाती तुमच्या घराण्यात कुणाची नाही. बायकांना मी आवरते.

ता.क. २. पाकिटावर घालायला नांदगावचा पिनकोड हवा होता, म्हणून बंधुराजांचा मोबाईल घेतला. त्यांनी आजवर काय काय शोधलं ते त्यात सगळं दिसतं. ‘तारा’चा अर्थ बारशाच्या दिवशी एकदा शोधलाय. त्यानंतर मी सांगितलेल्या एकाही नावाचा अर्थ त्यांनी शोधलेला नाही. शेळी नाही, शिवी नाही, सगळ्या थापा. त्याऐवजी अकरा महिने एकच गोष्ट पुन्हा पुन्हा शोधलेली आहे : बहिणीने नंबर ब्लॉक केला तर तिच्याशी कसं बोलायचं. दुसरं कुठलंही नाव पसंत केलं असतं, तर बारसं तुमच्यावाचून उरकलं असतं ना. आणि झिवू कुणाकडून तरी कानावर गेलं की तुम्ही भांडायला तरी याल, असं वाटलं असेल वेड्याला. हे तो तोंडाने कबूल करणार नाही, म्हणून मी लिहिते. नाव तुम्ही म्हणाल ते, ताई. फक्त या.