एवढी मोठी बोट दिसत न्हाई, अव्वा!

अव्वा, लांबूनच तुझ्या पायाला हात लावतो. मी खुशाल हाय.

किती येळा सांगू? लढाईची बोट डोंगराएवढी असली तरी दुश्मनाला घावत न्हाई! परवा सरावात आमचीच सगळ्यात मोठी बोट आम्ही चार दिवस धुंडत होतो. विमानवाला म्हणायचा, तिथं हाय. आम्ही पोचेस्तोवर ती उदगीरहून निलंग्याएवढी लांब गेलेली. तू घागर घेऊन पळेस्तोवर पाण्याचा टँकर निघून जातो ना, तसंच.

आपला नवा जिल्हा झाला, पाणी आलं का? शेजारची शांतम्मा अक्का पत्रात लिहिती, माझी बोट कुणाला दिसू नये म्हणून तू रोज महादेवाला घागर ओततीस. असल्या दुष्काळात? बोट आम्ही लपवतो, अव्वा. ते पाणी तू पी.

तुझाच,
मलप्पा