मला कुणी विचारलं होतं?

बाई, आज तुमच्याशी भांडावंसं वाटतंय. तुम्ही असता तर सरळ वडूजला आले असते, तुमच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसले असते आणि तुम्ही पाठमोऱ्या भाकरी थापत सगळं ऐकून घेतलं असतं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी राग आला की मला तुम्हीच आठवता, कारण माझ्यावर पहिल्यांदा मनापासून रागावलात त्या तुम्ही. अकरावीचं जीवशास्त्राचं प्रॅक्टिकल चाललंय. कांद्याचा पापुद्रा सूक्ष्मदर्शकाखाली लावलाय, गटातली मुलं आळीपाळीनं डोळा लावतायत आणि मी बाजूला बसून त्यांची निरीक्षणं लिहितेय. तुम्ही मागं येऊन उभ्या राहता. "तू बघितलंस का?" मी म्हणते, "न्हाई बाई, माझं अक्षर चांगलं हाय म्हणून मी लिवतीया." तुम्ही माझ्या हातातलं पेन काढून घेतलंत. "म्हणून जन्मभर दुसऱ्यानं बघितलेलं लिवत बसणार व्हय? ऊठ." एरवी वर्गात शुद्ध बोलणाऱ्या तुम्ही चिडलात की आमच्यासारख्या बोलायचात. मला सगळ्यांसमोर रडू आलं होतं, आणि रडत रडतच मी त्या भिंगातून पहिली पेशी बघितली.

बारावीनंतर तुम्ही माणमधल्या आमच्या वाडीवर आलात. माझे वडील, आमचे दादा, मेंढरं घेऊन नुकतेच परतले होते. "आवं बाई, सांगली लय लांब हाय. पोरीला एकटीला कसं धाडायचं?" असं ते म्हणाले. तुम्ही शांतपणे म्हणालात, "लांब हाय, पण यष्टी जाती की." इंजिनिअरिंगच्या प्रवेशाला तुम्हीच सोबत आलात. सांगलीच्या स्टँडजवळच्या दुकानातून मला काळे बंद बूट घेऊन दिलेत, कारण प्रयोगशाळेत चपला चालत नाहीत. बूट जरा मोठे होते. "वाढशील," म्हणालात. मी अठरा वर्षांची होते, कुठली वाढणार?

त्याच सांगलीत मी आता काम करते. रक्तातली जनुकं वाचणारी यंत्रं असतात, त्यांच्यातून माहितीचा ढीग बाहेर पडतो. त्या ढिगातून डॉक्टरांना वाचता येईल असा अहवाल काढणारं सॉफ्टवेअर आमची कंपनी लिहिते. बाळाला एखादा आनुवंशिक आजार आहे का, हे त्यावरून ठरतं. या सॉफ्टवेअरची पहिली ओळ मी लिहिली. आमचे विभागप्रमुख बंगळूरला गेले तेव्हापासून विभागही मीच चालवत होते. मग एका सोमवारी साहेबांनी बैठकीत नवीन प्रमुखाचं नाव जाहीर केलं. माझ्या हाताखाली शिकलेला मुलगा. मुलगा चांगला आहे, त्याला स्वतःलाच अवघडल्यासारखं झालं होतं. पेढे वाटले. साहेब माझ्याकडं वळून म्हणाले, "मॅडम, आजचे मुद्दे लिहून घेताय ना?" मी म्हणाले, "नाही. आज दुसरं कुणीतरी लिहा."

बैठकीनंतर मी त्यांच्या केबिनमध्ये गेले. "तुमच्याशिवाय इथं पान हलत नाही, हे मला माहीत आहे की," साहेब म्हणाले. "पण प्रमुख म्हटल्यावर आज हैदराबाद, उद्या परदेश. तुमच्या सासूबाई आजारी, मुलगी दहावीला. तुमची ओढाताण नको म्हणून मीच विचार केला."

"मला विचारलं होतंत का?"

"विचारायचं काय त्यात?"

"त्याची मुलगी तर अजून शाळेतही जात नाही. त्याला विचारलंत?"

साहेब हसले. "तिची आई आहे की घरी."

बाई, ते अगदी सहज हसले. माझ्या नवऱ्यानं आईला दवाखान्यात न्यायला स्वतःची पाळी बदलून घेतलीय, हे त्यांना सांगावं असं माझ्या मनात आलं. मग वाटलं, मी का सांगायचं? त्या मुलाला कुणी घरचा हिशेब मागितला नाही.

पुढच्याच महिन्यात नवी आवृत्ती मिरजेच्या एका दवाखान्याला द्यायची होती. आमच्या गटातल्या लोणंदच्या मुलीनं तपासताना पकडलं, की नमुना अपुरा असला तरी अहवालात 'दोष आढळला नाही' असं छापून येतंय. म्हणजे बघितलंच नाही, आणि ठीक आहे म्हणून सांगितलं. नवा प्रमुख म्हणाला, "मॅडम, असे नमुने क्वचित येतात. तारीख दिलेली आहे, पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करू." आवृत्ती बाहेर जायला माझीही सही लागते, ती द्यायला मी नकार दिला. "ते क्वचित येणारं कुणाचं तरी बाळ असतं," एवढंच म्हणाले आणि दवाखान्याला स्वतः फोन लावून सांगितलं, की आम्हाला अजून वेळ लागणार आहे. साहेब माझ्यावर भडकले. चूक दुरुस्त झाली, दवाखान्याच्या डॉक्टरांनी आभार मानले, तेव्हा ते आभार साहेबांनी आणि प्रमुखानं स्वीकारले. त्यानंतर साहेबांनी मला बोलावून नवं पद देऊ केलं. अहवालांच्या दर्जाची जबाबदारी माझी, निर्णय मात्र प्रमुखाचे. मी म्हणाले, "जबाबदारी माझी असेल तर काम थांबवायचा अधिकारही माझा, आणि तो लेखी द्या." साहेब म्हणाले, "बघू. तुम्ही फार ताणता, मॅडम." त्याला आता पंधरवडा होऊन गेलाय. अजून बघतायत.

लोणंदची ती मुलगी काल जेवताना विचारत होती, "मॅडम, हितं थांबून आपलं काय व्हनार हाय?" मी डबा बंद केला आणि म्हणाले, चल, काम पडलंय. तिचा हिरमोड झालेला मला दिसत होता.

हे पत्र टाकायला पेटी कुठली? टाइप करतेय आणि थोड्या वेळानं पुसून टाकीन. पण एक गोष्ट तुम्हालाच सांगते. घरी, ऑफिसात, सगळ्यांना मी म्हणतेय की प्रश्न माझा नाही, मागून येणाऱ्या मुलींचा आहे. तेही खरंच आहे. पण बाई, ते पद मला हवं होतं. मला स्वतःला, लय हवं होतं.