चुलीतली लांडगीण

४ मार्च
लिही गं. शाळेत मास्तरीण आहेस, आजीचं बोलणं सरळ उतरवशील एवढा भरवसा आहे. नात हसली — तेही लिहिलं म्हणते!

संस्थेची मडम आली होती. हिची शाळा, टेकडीवरची रोपं, सगळं त्या साता समुद्रापलीकडच्या संस्थेचं. आमची जुनी बोली मरू नये म्हणून मडम माझ्या गोष्टी यंत्रात भरून घेते. आज गोष्टी संपल्या, तर म्हणाली, शिव्याही चालतील. दिली मग माझ्या आईची खास — ‘तुझ्या चुलीत लांडगीण व्यावी!’ मडमेचे डोळेच भरून आले. म्हणाली, हा ठेवा आता फक्त तुमच्याकडे. मी म्हटलं, माझ्या मुलाकडेही आहे, पाळण्यापासून ऐकतोय.

६ मार्च
मुलानं ताट भिंतीवर फेकलं. रोपांसाठी टेकडीला कुंपण पडल्यापासून त्याच्या लाकूडतोडीच्या गाड्या उभ्या आहेत. म्हणे, लेक मास्तरीण, आई मडमेची मैना, आणि मी काय माती खाऊ? बापलेकीत मी जात्यातल्या दाण्यासारखी.

९ मार्च
आज राहू दे म्हटलं. तरी लिहिते म्हणते.

मी हिच्या वर्गात मुलांना गोष्ट सांगत होते. भरदुपारी तोंडं बांधलेली माणसं आली. काचा फुटल्या, मुलं बाकांखाली. रोपांचा माळी दारात त्यांना आडवा आला. रोपांशी लाडीगोडीनं बोलतो म्हणून मी त्याला जावईबापू म्हणायची. एकानं कुऱ्हाडीचा दांडा त्याच्या डोक्यात घातला. पडल्यावर पुन्हा घातला. ओलं लाकूड फुटावं तसा आवाज. रक्त माझ्या पायांपर्यंत आलं.

मारताना तो दांडेवाला ओरडला. काय, ते राहू दे. लिहू नकोस.

१० मार्च
फौजदारानं विचारलं, कुणी काही बोललं का? नात म्हणाली, गोंधळात ऐकलं नाही. मी म्हटलं, मी बहिरी. आमचं इतक्या वर्षांत पहिल्यांदा एकमत झालं!

मडमेला हळूच विचारलं, यंत्रातली शिवी पुसता येते का? म्हणाली, आजी, काळजी नको, ती आता तीन देशांत जपून ठेवलीय.

१२ मार्च
माळी गेला. त्याची बायको शाळेच्या पायरीवर बसून आहे, उठत नाही. आमच्याकडे मुलगा शीळ घालत दाढी करत होता.

नातीला म्हटलं, लिही — मारणारा माझ्या आईची शिवी देत होता. तिनं पेन ठेवलं.

“आजी, ते माझे बाबा आहेत.”

“आणि माझा कोण आहे गं?”

मग पेन उचलून एवढं लिहिलंन्. पुढचं माझ्या हातून होणार नाही म्हणते. बरोबर आहे तिचं.

१३ मार्च
आज लिहिणारा हवालदार आहे. वही मीच चौकीवर आणली. वळणदार लिही बाबा, नात तपासेल. शिवी माझ्या आईची. शिकवली मी. दांडा माझ्या मुलाचा.

घरीच आहे तो. जेवतोय, मीच वाढून आले. त्याचं होऊ द्या, मग जा.