दादानं आणलेली मशीन

६ एप्रिल, रविवार. देवरी

झालं! दादानं मला न विचारता गाणी मिसळायचा डीजे कंट्रोलर आणला. रायपूरहून, सेकंडहँड, चार चॅनेलचा – टेबलावर मावत नाही. आमच्या डीजेच्या गाडीवर नाव दादाचं, ‘वीरेंद्र साउंड’. स्पीकरचे बॉक्स, वायरिंग त्याचं, पण गाणी वाजवते मी. मग मशीन कोणी बघायची?

‘योगेश्वरी, लोकायले मशीन दिसली पायजे,’ म्हणे.

८ एप्रिल

लॅपटॉपला लावली. चाकं फिरतात, बटणं पेटतात, पण हेडफोनमध्ये आवाज नाही! पुढचं गाणं आधी कानात ऐकूनच तर मी जुळवते. ते आता थेट बॉक्समधून बाहेर येतं. ट्रायलला हळदीच्या गाण्यात दुसरंच घुसलं. आई हसली. दादा नाही.

९ एप्रिल

कारण सापडलं. या मशीनचा ड्रायव्हर, म्हणजे तिला लॅपटॉपशी जोडणारा प्रोग्राम, कंपनीनं नव्या विंडोजसाठी काढलाच नाही. जुनं विंडोज टाकावं तर आमचं गाणी मिसळायचं सॉफ्टवेअर चालत नाही. सोयरीकच जमत नाही दोघांची! आणि अठराला सालेकशाला लगन वाजवायचं.

दादाला सांगितलं. ‘तुले जमत नाही, म्हणून मशीनले नाव ठेवून राहिली.’

झोंबलं. जेवले नाही.

११ एप्रिल

दादा मंडपाची जागा पाहायला गेला. मी मशीन चादरीत गुंडाळली आणि लॅपटॉप घेऊन बसनं गोंदियाला. टेकचंदभाऊंच्या साउंडच्या दुकानात, आमचं सॉफ्टवेअर कोणते कंट्रोलर ओळखतं ते सॉफ्टवेअरच्या साइटवरच पाहिलं. दोन चॅनेलचा एक छोटा होता. तिथंच जोडला. हेडफोन लावला – ऐकू आलं!

‘बडावाला छोड दो, ये ले जाओ,’ टेकचंदभाऊ म्हणाले.

बदलून टाकला.

१२ एप्रिल

‘मले इचारलं काऊन नाही?’ दादा एवढंच बोलला.

१५ एप्रिल

दादा अजून रागात. तालीम केली, तर उठून बाहेर गेला.

१९ एप्रिल

काल लगन झालं. वरात दारात, सगळे नाचून राहिले, आणि जनरेटर बंद! बॉक्स मुके. पण छोटा कंट्रोलर लॅपटॉपच्या बॅटरीवर चालतो – हेडफोनमध्ये गाणं चालूच होतं! दादानं धावत जाऊन जनरेटर सुरू केला, माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. त्यानं बॉक्स चालू केले, मी बरोबर ठेक्यावर आवाज उचलला. मंडप ओरडला!

नवरीच्या मामांनी विचारलं, ‘डीजे कोन हाय?’

‘माही बहीन,’ दादा म्हणाला. ‘मी तं वायरी जोडतो.’

रडू आलं. दाबलं.

२२ एप्रिल

राजनांदगावहून फोन. वरातीतल्या एका पाहुण्याचा, डीजेचा मोठा धंदा आहे त्यांचा. बॉक्स, वायरिंग, माणसं, सगळं त्यांच्याकडे आहे. डीजे म्हणून पाहिजे फक्त मी.

मी हो म्हटलं, दादाला न विचारता.

दादा अंगणात आहे. आता उठते आणि सांगते.