प्रभाकररावांचा माणूस

२० जुलै १९८५, शनिवार
नलू अजून माहेरीच, वडनेरला. धोंड्याचा महिना लागला, सासऱ्यांनी जावयाला अनारशाच्या जेवणाला बोलावलंय. चार तारखेला जेवायचं आणि नलूला घेऊन यायचं. अडचण एकच, नलूचा भाऊ चंद्रभान. मागच्या खेपेला सगळ्यांसमोर म्हणाला, "हा मानूस हाय का खांब? ना बोलते, ना पायते. ताईले नाई पाठवत." गाढव कुठला! नलू आलीच नाही तर? हा विचारच नको. माणसासारखं वागायचं, बस्स. त्यात काय कठीण?

२२ जुलै
मॉडेल ठरलं. आमचे हेडक्लार्क प्रभाकरराव. अख्खं ऑफिस त्यांच्यावर खूश. त्यांचं हसणं, पाठीवर थाप मारणं, सगळं उचलायचं. वाक्यं जशीच्या तशी. एक शब्द बदलला की माझा घोटाळा होतो. माझं स्वतःचं असं काय आहे? वरण भातावर नको, वाटीत हवं. नळाखाली हात धरून बसायला आवडतं. एसटीचं टाइमटेबल पाठ. याला काय पर्सनॅलिटी म्हणायची?

२७ जुलै
आरशासमोर हसण्याची प्रॅक्टिस. शेजारच्या अनुसयाबाई धावत आल्या. म्हणाल्या, "काऊन जी, पोटात दुखून राह्यलं काय?" म्हणजे आवाज खणखणीत आहे. प्रोग्रेस.

३ ऑगस्ट
तयारी हंड्रेड परसेंट. बोटं आपोआप हलतात, ती खिशात ठेवायची. झोप नाही. पण टेन्शन अजिबात नाही.

४ ऑगस्ट, वडनेर, दुपार
सुरुवात ए-वन. चंद्रभानच्या पाठीवर थाप मारली. त्याचा चहा सांडला, पण कप नीट धरायला नको? पाटावर बसलो. वरण थेट भातावर वाढलं. गिळलं. सासूबाईंनी अनारसे वाढले. सगळे माझ्याकडे बघत होते, नलूसुद्धा. मग काढलं प्रभाकररावांचं हुकमी वाक्य. "आमच्या तिन्ही पोरी आईवर गेल्यात, तोंड म्हणून बंद नाही!" आणि ते हसतात तसा हसलो.
कोणीच हसलं नाही. आम्हाला मूलबाळ नाही.
सासरे रूपराव हळूच म्हणाले, "कोनत्या पोरी, जवाईबापू?" पुढचं वाक्य पाठ नव्हतं. नलू उठून आत गेली.

संध्याकाळ, वडनेर स्टँड
एकटाच. निघताना नलू फाटकापर्यंत आली. रडत होती. म्हणाली, "महिनाभर भावासंग भांडून राह्यली मी, का माहा मानूस हाय तसा मले पायजे. अन तुमी हे कोनाले घेऊन आले? माह्या घरी जो हाय, त्याले पाठवजा. मंग येतो मी." स्टँडवर रडू आलं नाही. डोळ्यात धूळ गेली.

५ ऑगस्ट, सोमवार
रजा टाकली. विचार पक्का. घरचा माणूस उद्याच वडनेरला पाठवायचा. प्रॅक्टिसची गरज नाही, तो तर मीच. फक्त फाटकाशी गेल्यावर त्यानं पहिलं वाक्य काय बोलायचं, ते सुचत नाही. सकाळी प्रभाकररावांना विचारून घेतो.